श्वास परत आल्यानंतर : अफूवर्गीय औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे औषधांच्या एकाच कुळाविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. अफूतून मिळणारे मॉर्फिन आणि कोडीन, मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून केलेले हेरॉइन, आणि पूर्णपणे कारखान्यात घडणारी फेंटानिल, मेथाडोन, ट्रामाडोल, टापेंटाडोल ही औषधे मेंदूतल्या एकाच जातीच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी बसून औषध आपले काम करते त्यांना, चिकटतात. वेदना कमी होणे, सुखद गुंगी येणे आणि श्वास मंदावणे ही तिन्ही कामे त्या ग्राहींमार्फतच होतात. इथे त्या सर्वांना मिळून अफूवर्गीय औषधे म्हटले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत. मी भूलतज्ज्ञ आहे आणि ही औषधे माझ्या रोजच्या वापरातली आहेत. उत्तरांत त्या कामाचा कल दिसला तर वाचकांनी तो तसाच समजून घ्यावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या विद्यापीठाने वसतिगृहात नालोक्सोनचे नाकात मारायचे फवारे ठेवले आहेत आणि मुलाने एक घरीही आणून ठेवला आहे. आमच्याकडे कोणी नशा करत नाही. असे औषध हाताशी असले की तरुणांची भीड चेपत नाही का? वेळ आलीच तर ते कसे वापरावे, आणि दुकानात दुप्पट मात्रेचा फवारा मिळतो तो घेणे अधिक चांगले का? – एक वाचिका

उत्तर : मुलाने शहाणपणाचे काम केले आहे, हे आधी सांगतो.

अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेवरचा उतारा असलेले नालोक्सोन हे नवे औषध नाही. त्याच्या पेटंटचा अर्ज १९६१ सालचा आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९७१ मध्ये मान्यता दिली. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिनमुळे रुग्णाचा श्वास मंदावला तर ते शिरेतून थोडे थोडे द्यायचे, हे भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. नवे आहे ते त्याचे इस्पितळाबाहेर पडणे. १९९६ साली शिकागोत व्यसनी लोकांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने ते थेट नशा करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या हाती द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबर २०१५ मध्ये नाकाच्या फवाऱ्याला मान्यता मिळाली आणि मार्च २०२३ मध्ये ४ मिलिग्रॅमचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी झाली.

भीड चेपण्याची शंका अमेरिकेतही प्रथम अनेकांनी घेतली होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या १९ गावा-शहरांचा अभ्यास २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. जिथे अधिक लोकांना प्रशिक्षण आणि नालोक्सोन मिळाले होते तिथे, कार्यक्रम नसतानाच्या काळाशी तुलना करता, अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ४६ टक्क्यांनी कमी आढळला. जिथे थोड्याच लोकांपर्यंत ते पोहोचले तिथेही घट होती, पण कमी. नालोक्सोनने स्वतःहून कसलीही नशा येत नाही, उलट नशा करणाऱ्याला ते घेतल्यावर अंगदुखी, घाम, उलट्या आणि तीव्र अस्वस्थता येते. त्या अनुभवाच्या भरवशावर कोणी नशेचे धाडस वाढवील, असे मला वाटत नाही.

अतिमात्रेत माणूस मरतो तो श्वास थांबल्यामुळे. एरवी रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूचा तळाचा भाग श्वास घ्यायला भाग पाडतो. अफूवर्गीय औषध हीच जाणीव बोथट करते, आणि माणूस धडपड न करता निळा पडत जातो. नालोक्सोन त्याच ग्राहींना अधिक घट्टपणे चिकटते आणि आधीच्या औषधाला तिथून हुसकावते. मात्र त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटे टिकतो, आणि शरीरातले मूळ औषध त्याहून जास्त वेळ उरलेले असू शकते. म्हणून शुद्धीवर आलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला एकटे सोडायचे नाही आणि इस्पितळात न्यायचेच.

वापरायची रीत सोपी आहे. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मूठ घासूनही माणूस जागा होत नसेल, श्वास अगदी मंद किंवा घरघरणारा असेल, ओठ निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर लगेच ९११ ला फोन करावा, माणसाला उताणे ठेवून मान मागे झुकवावी, एका नाकपुडीत पूर्ण फवारा मारावा आणि येत असेल तर तोंडाने श्वास द्यावा. दोन-तीन मिनिटांत फरक दिसला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा फवारा मारावा. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवावे, कारण उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बेशुद्धीचे कारण वेगळेच निघाले तरी या औषधाने अपाय होत नाही. अतिमात्रेच्या वेळी मदत बोलावणाऱ्याला कारवाईपासून काही संरक्षण देणारे कायदे अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत आहेत, हे मुलालाही सांगून ठेवा, कारण पोलिसांच्या भीतीने फोन न करणे हे तरुणांच्या मृत्यूचे एक कारण राहिलेले आहे.

दुप्पट मात्रेविषयी मात्र माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी मार्च २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात काही भागांत ४ आणि काही भागांत ८ मिलिग्रॅमचे फवारे वापरले. नालोक्सोन दिलेल्या ३५४ जणांची माहिती २०२४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांत सुमारे ९९ टक्के लोक वाचलेले होते आणि लागलेल्या फवाऱ्यांची संख्याही सारखीच होती. फरक पडला तो त्रासात : ८ मिलिग्रॅमच्या गटात उलट्यांसह माघारीची लक्षणे, म्हणजे नशा एकाएकी तुटल्यावर होणारे त्रास, जवळपास दुप्पट लोकांना झाली. २०२३ मध्येच नाल्मेफिन या अधिक काळ टिकणाऱ्या औषधाचा फवाराही बाजारात आला, पण तो टिकतो तसा त्याने होणारा माघारीचा त्रासही टिकतो. आणि असा त्रास सोसलेला माणूस पुढच्या वेळी मदत नाकारतो किंवा शुद्धीवर येताच पुन्हा नशा शोधतो, ही जोखीम मोठ्या मात्रेच्या जाहिरातीत दिसत नाही. साधा ४ मिलिग्रॅमचा फवारा पुरेसा आहे.

एक गोष्ट अलीकडची आहे. अमेरिकेतल्या बेकायदा फेंटानिलमध्ये झायलाझिन हे जनावरांना गुंगीसाठी देतात ते औषध, आणि त्यानंतर फिलाडेल्फियासारख्या शहरांत मेडेटोमिडिन, मिसळलेले आढळते. ही दोन्ही अफूवर्गीय नाहीत, त्यामुळे नालोक्सोन दिल्यावर श्वास सुधारतो पण माणूस जागा होत नाही. अशा वेळी फवाऱ्यांवर फवारे मारू नयेत. श्वास चालू आहे ना, हे पाहत रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. २० वर्षांपासून मधुमेह आहे, क्रिएटिनीन (मूत्रपिंड मंदावल्याची रक्तातली खूण) वाढलेले आहे, गुडघे झिजले आहेत. त्यांना दिवसातून तीन वेळा ट्रामाडोल, पायांच्या जळजळीसाठी प्रीगाबालिन आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम अशा गोळ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिल्या आहेत. ते खूप घोरतात. गेल्या आठवड्यात दुपारी त्यांना उठवणे जड गेले. बातम्यांतली अतिमात्रा ती नशा करणाऱ्यांची ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ती तुमच्या वडिलांचीही असू शकते. हे उत्तर वाचायला मिळेपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. थांबला असाल तर आजच तिन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा.

ट्रामाडोल आपल्याकडे इतके सर्रास दिले जाते की ते अफूवर्गीय आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थ आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांच्या कायद्याखाली आणले, पण चिठ्ठ्यांवरचा त्याचा वावर त्याने फारसा कमी झालेला मला दिसत नाही. यकृतात त्याचे रूपांतर ज्या प्रभावी घटकात होते तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंड मंद झाले की तीच मात्रा शरीरात साचत जाते. शिवाय ट्रामाडोलने झटके येऊ शकतात आणि रक्तातली साखर अचानक उतरू शकते. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींच्या अभ्यासात कोडीन घेणाऱ्यांच्या तुलनेत ट्रामाडोल घेणाऱ्यांना साखर उतरल्यामुळे इस्पितळात दाखल व्हावे लागण्याचा धोका वाढलेला दिसला, विशेषतः पहिल्या ३० दिवसांत. तेव्हा वडील असे सुस्त दिसले की पहिले काम म्हणजे बोटाला सुई टोचून साखर पाहणे.

त्यात बाकीच्या दोन गोळ्यांची भर पडते. क्लोनाझेपाम ज्या वर्गातले आहे त्या वर्गाची आणि अफूवर्गीय औषधांची जोडी श्वास थांबवू शकते, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये द्यायला लावला. प्रीगाबालिन आणि त्याच्याच जातीचे गाबापेन्टिन यांच्याविषयी श्वासाच्या धोक्याचा इशारा डिसेंबर २०१९ मध्ये आला, आणि त्यात वृद्ध तसेच फुप्फुसाचे आजार असलेल्या लोकांचा मुद्दाम उल्लेख होता. प्रीगाबालिनही मूत्रपिंडावाटेच जाते. मोठ्याने घोरण्यामागे झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असेल, आणि मधुमेहाबरोबर तो बऱ्याचदा असतो, तर रात्रीचा धोका आणखी वाढतो. यातली एकही गोळी एकटीने कदाचित त्रास देणार नाही. तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या परीने योग्य तेच लिहिले असेल. पण तिन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहणारे कोणी नव्हते.

आता ज्या दुखण्यासाठी हे चालले आहे त्याला अफूवर्गीय औषधांचा किती उपयोग होतो? अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांमधून २४० रुग्णांवर केलेल्या एका चाचणीत पाठीचे, खुब्याचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांना वर्षभर एकतर अफूवर्गीय किंवा इतर वेदनाशामक औषधे दिली. हालचाल आणि रोजची कामे यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही, दुखण्याची तीव्रता तर इतर औषधे घेणाऱ्यांत किंचित कमी होती, आणि दुष्परिणाम अफूवर्गीय गटात जास्त होते. हा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. तुमच्या वडिलांना सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडामुळे चालणार नाहीत, हे खरे. तरीही योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, गुडघ्यावर लावायचे जेल, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि काठी यांनी जे साधते ते गोळीइतके झटपट नसले तरी कमी नसते.

मात्र हे वाचून आज रात्रीपासून गोळ्या बंद करू नका. ट्रामाडोल आणि क्लोनाझेपाम या दोन्ही अचानक सोडल्यास झोप उडणे, घाम, थरथर, क्वचित झटके असे त्रास होतात. अमेरिकी माजी सैनिकांच्याच नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, दीर्घकाळ घेतलेले अफूवर्गीय औषध थांबवल्यानंतर अतिमात्रेने किंवा आत्महत्येने मृत्यू येण्याचा धोका वाढलेला आढळला, आणि जितका काळ ते औषध चालले होते तितका तो जास्त होता. कमी करायचे ते आठवड्या-आठवड्याने, आणि एका वेळी एकच औषध.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक दवाखान्यांत जुन्या दुखण्यासाठी ही औषधे घेणाऱ्या १,९८५ रुग्णांपैकी ज्यांना सोबत नालोक्सोनही लिहून दिले, त्यांच्या औषधाशी संबंधित तातडीच्या भेटी वर्षभरात सुमारे ६३ टक्क्यांनी कमी झाल्या. माझ्या समजुतीप्रमाणे यातला मोठा वाटा त्या निमित्ताने झालेल्या बोलण्याचा असावा. घरात नालोक्सोन द्यायचे म्हणजे कोणीतरी बसून ‘या गोळीने श्वास थांबू शकतो’ हे रुग्णाला आणि घरच्यांना सांगते. आपल्याकडे हे औषध प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात, इस्पितळातच वापरले जाते. पण ते बोलणे सांगलीतही होऊ शकते.

प्रश्न : माझा भाऊ २९ वर्षांचा आहे. गर्द (अशुद्ध हेरॉइन) ओढण्यापासून सुरुवात होऊन तो सुईवर गेला. चार महिन्यांपूर्वी तो बेशुद्ध सापडला, इस्पितळात इंजेक्शन देऊन वाचवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. त्यानंतर दोन महिने त्याला गावी ठेवले, तिथे तो पूर्ण स्वच्छ होता. परतल्यावर दोनदा पुन्हा घेतले. मनोविकारतज्ज्ञ ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या सुरू करा म्हणतात, तेही मुदत न सांगता. काका म्हणतात, ही एक नशा सोडून दुसरी धरण्यातली गत. – एक वाचिका, नवी मुंबई

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘इंजेक्शन देऊन वाचवले आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले’ हे वाक्य मला सर्वांत चिंतेचे वाटले. मॅसॅच्युसेट्समध्ये अतिमात्रेनंतर तातडीच्या विभागातून जिवंत घरी गेलेल्या ११,५५७ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा वर्षभरात त्यांपैकी ५.५ टक्के मरण पावले होते. मरण पावलेल्यांपैकी साधारण पाचातला एक पहिल्याच महिन्यात गेला, आणि त्यांतलेही काही पहिल्या दोन दिवसांत. छातीत दुखून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत असे आकडे असते तर त्याला औषधे, पुढच्या भेटीची तारीख आणि घरच्यांना सूचना दिल्याशिवाय कोणीही सोडले नसते.

गावातल्या दोन महिन्यांविषयी घरच्यांना जो दिलासा वाटतो, त्याचीच मला भीती वाटते. रोज घेणाऱ्या शरीराला मोठी मात्रा सोसायची सवय झालेली असते. काही आठवड्यांच्या खंडात ती सवय मोडते, ओढ मात्र तशीच राहते, आणि परतल्यावर माणूस जुन्या हिशेबाने मात्रा घेतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या कैद्यांत, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट होता. तुरुंग, व्यसनमुक्ती केंद्र किंवा आजोळ, कुठून परतला याने शरीराला फरक पडत नाही. औषधाच्या आधाराविना नुसते ‘स्वच्छ’ करून सोडणे हे या व्यसनात उपचार न करण्यापेक्षाही धोक्याचे ठरू शकते.

काकांची शंका जुनी आहे आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवे. ब्युप्रेनॉर्फिन अफूवर्गीयच आहे. पण ते ग्राहींना अर्धवट चेतवते, म्हणून एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. ते ग्राहींना घट्ट धरून ठेवते, म्हणून वरून गर्द घेतली तरी तिचा असर उतरतो. आणि ते सावकाश काम करते, म्हणून दिवसातून चार वेळा चढणे-उतरणे थांबते. शरीर त्यावर अवलंबून राहते हे खरे. पण व्यसन म्हणजे नुसते अवलंबून राहणे नव्हे. पैसे चोरणे, सुई वाटून घेणे, नोकरी जाणे आणि तरीही न थांबता येणे, हे व्यसन. गोळीवर असलेला माणूस सकाळी गोळी जिभेखाली ठेवून कामावर जातो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र वर सांगितलेली मर्यादा राखली जात नाही, हे भावाला स्पष्ट सांगा. पहिली गोळी कधी घ्यायची हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण गर्दचा असर चालू असताना ती घेतली तर माघारीचा तीव्र झटका येतो, आणि अनेक जण तिथेच उपचार सोडतात.

आकडे या औषधांच्या बाजूने आहेत. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात, मेथाडोनचा (व्यसनावर असेच दिले जाणारे दुसरे औषध) उपचार चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ आणि तो सुटल्यावर ३६ मृत्यू दिसले; ब्युप्रेनॉर्फिनसाठी हेच आकडे सुमारे ४ आणि ९.५ होते, आणि उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत धोक्याचे होते. येल विद्यापीठाच्या इस्पितळात तातडीच्या विभागातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलेल्या रुग्णांपैकी ७८ टक्के महिन्यानंतरही उपचारात टिकून होते, तर नुसता पत्ता देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्के. तरीही मॅसॅच्युसेट्समध्ये अतिमात्रेतून वाचलेल्या १७,५६८ जणांपैकी पुढच्या वर्षभरात असे कुठलेही औषध मिळालेले लोक दहात तीनच होते, म्हणजे तिथेही तुमच्या भावासारखे घरी सोडले जाणारेच जास्त.

सगळेच संशोधन असे सुखावणारे नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकेत केंटकी, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क आणि ओहायो या चार राज्यांतल्या ६७ वस्त्यांमध्ये नालोक्सोन, ही औषधे आणि जपून वेदनाशामके लिहिणे यांचा एकत्रित मोठा प्रयोग झाला, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात प्रयोगाच्या वस्त्यांत लाखामागे ४७.२ तर इतरत्र ५१.७ मृत्यू होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. कोरोनाचा काळ आडवा आला आणि मोजणी सुरू झाली तेव्हा ठरवलेल्या उपायांपैकी बरेचसे अजून सुरूच झाले नव्हते. औषध एका रुग्णाला वाचवते हे सिद्ध असले तरी ते हजारो रुग्णांपर्यंत वेळेत पोहोचवणे वेगळे आहे, असे मी यातून समजतो. त्यानंतर साऱ्या अमेरिकेतले अतिमात्रेचे एकूण मृत्यू २०२३ मधल्या सुमारे १,०५,००० वरून २०२४ मध्ये सुमारे ८०,००० वर आले. त्याचे श्रेय कोणा एका उपायाला देणे घाईचे होईल.

मुदतीच्या प्रश्नाकडे येतो. व्यसनाची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा यांच्याशी करणारा एक प्रसिद्ध लेख २००० साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला होता. उपचारानंतर व्यसन उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के आणि रक्तदाब किंवा दमा पुन्हा बिघडण्याचे ५० ते ७० टक्के, असे त्यात दाखवले होते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढला तर आपण गोळी निरुपयोगी ठरवत नाही, ती पुन्हा सुरू करतो. भावाने दोनदा घेतले हे त्याच नजरेने पाहा. गोळी निदान वर्ष-दोन वर्षे चालेल असे मनाशी धरा. त्यापुढे कमी करायची की नाही हे त्याचे काम, झोप, संगत पाहून तो आणि डॉक्टर ठरवतील; काहींना ती बरीच वर्षे लागते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली सुईने नशा करणाऱ्यांसाठी ही औषधे देणारी सरकारी केंद्रे मुंबई परिसरात आहेत आणि तिथे ती मोफत मिळतात. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर जवळच्या उपचाराची चौकशी करता येते. दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेत असल्याचा अंदाज होता, आणि ज्या आठ राज्यांत मिळून निम्म्याहून अधिक व्यसनग्रस्त आहेत त्यांत महाराष्ट्र होता. तेव्हा तुमचे घर एकटे नाही. सुई वापरलेली असल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्या करून घ्या. हिपॅटायटिस सी आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि त्याचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य आहे. घरात पुन्हा बेशुद्ध सापडला तर १०८ ला फोन करून, मान मागे झुकवून, मदत येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहा. नालोक्सोन जवळ नसले तरी तेवढ्याने जीव वाचू शकतो.

प्रश्न : सासूबाईंना स्तनाचा कर्करोग असून तो हाडांत पसरला आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आहेत, पण घरातले म्हणतात की ते शेवटचे औषध आहे, सवय लागेल, श्वास थांबेल. त्या रात्रभर कण्हत असतात. – एक वाचिका, सोलापूर

उत्तर : गोळी द्या. आधीच्या तीन उत्तरांत मी जे धोके सांगितले ते या उत्तराच्या आड येऊ नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण अमेरिकेतल्या अतिमात्रेच्या बातम्यांनी आपल्याकडच्या कर्करोगाच्या रुग्णांचे फार नुकसान केले आहे. लॅन्सेट नियतकालिकाने नेमलेल्या अभ्यासगटाने २०१७ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा भारतात वेदनेच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के भागेल एवढेच मॉर्फिन उपलब्ध होत होते. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांपैकी आपण एक आहोत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची शरम वाटते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त इस्पितळांना अनेक परवान्यांच्या फेऱ्यात न पडता ते ठेवता येऊ लागले, पण घराघरांतली भीती कायद्याने जात नाही.

हळूहळू वाढवलेल्या, ठरावीक वेळी दिलेल्या तोंडावाटेच्या मॉर्फिनने कर्करोगाच्या रुग्णाचा श्वास थांबणे फार विरळ आहे. पहिले काही दिवस मळमळ आणि पेंग येते, ती बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे. मूत्रपिंडाचा दोष असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण मॉर्फिनचा एक प्रभावी अंश तिथे साचतो आणि मग दुसरे औषध, उदाहरणार्थ फेंटानिलची त्वचेवर लावायची पट्टी, निवडता येते. अमेरिकेत ज्याची दहशत आहे तेच हे फेंटानिल. शस्त्रक्रियागृहात आम्ही ते रोज मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतो. हाडांतल्या दुखण्यासाठी किरणोपचाराच्या एका बैठकीनेही बऱ्याच रुग्णांना आराम पडतो, तेही विचारा. गोळ्या मात्र कुलपात ठेवा, त्यांचा हिशेब लिहा आणि उरलेल्या इस्पितळात परत करा.

प्रश्न : महाराष्ट्रातल्या एका कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याची बातमी वाचली. नालोक्सोनने त्यावर उतारा मिळतो का? – एक वाचक, पालघर

उत्तर : अर्धवट. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या तपासातून पुढे आलेल्या त्या गोळ्यांत टापेंटाडोल हे अफूवर्गीय औषध आणि कॅरिसोप्रोडोल हे स्नायू शिथिल करणारे औषध यांचे मिश्रण होते, आणि त्याला जगात कुठेही मान्यता नव्हती. घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्ट या देशांत ते पोहोचत होते. त्यानंतर केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घेतली. नालोक्सोन टापेंटाडोलवर काम करते. कॅरिसोप्रोडोलवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि ते शरीरात ज्या गुंगीच्या औषधात बदलते ते बरेच तास टिकते. अशा रुग्णाला श्वासाच्या आधारासाठी इस्पितळच लागते. ते इस्पितळ घानाच्या खेड्यात किती दूर असेल, याचा विचार परवाना देणाऱ्यांनी आधीच करायला हवा होता.

प्रश्न : सहा वर्षांपासून सायटिका आहे. व्यसन न लावणारे नवे वेदनाशामक अमेरिकेत आल्याचे कळले. नातेवाइकांकडून मागवू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मागवू नका. तुम्ही म्हणता ते सुझेट्रिजिन असावे. ३० जानेवारी २०२५ रोजी त्याला मान्यता मिळाली ती फक्त तात्पुरत्या, मध्यम ते तीव्र दुखण्यासाठी. वेदनेचा संदेश नेणाऱ्या बाहेरच्या नसांमधली सोडियमची एक विशिष्ट वाट ते अडवते आणि मेंदूतल्या ग्राहींकडे जातच नाही, म्हणून नशा किंवा श्वासाचा प्रश्न येत नाही. ही खरोखर नवी कल्पना आहे आणि मला तिचे अप्रूप वाटते. पण शस्त्रक्रियेनंतरच्या चाचण्यांतसुद्धा हायड्रोकोडोन हे अफूवर्गीय औषध आणि पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणापेक्षा ते सरस ठरले नाही. तुमच्या आजारावरची त्याची चाचणी तर डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर झाली होती : दहापैकी मोजलेले दुखणे सुझेट्रिजिनने सुमारे २ गुणांनी कमी झाले आणि औषध नसलेल्या गोळीनेही जवळपास तेवढेच. त्याच्या जागी जुने अफूवर्गीय औषध घेण्याचाही मोह नको. सिडनीतल्या ३४७ रुग्णांवरच्या २०२३ च्या चाचणीत कंबर आणि मानेच्या नव्याने सुरू झालेल्या दुखण्यातही ऑक्सिकोडोन साध्या खोट्या गोळीपेक्षा चांगले ठरले नव्हते. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर ताबडतोब दाखवा. तसे काही नसेल तर चालणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम तीन महिने नेमाने करून मग पुन्हा लिहा.